काजव्याचा उजेड आणि लपलेला परजीवी

परभणी जिल्ह्यातल्या या गोठ्यात म्हशीचा ताप चार दिवस चढतो, उतरतो आणि पुन्हा चढतो. पशुवैद्य तिच्या कानाच्या कडेला सुई टोचतात, रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतात आणि दुसऱ्या काचेच्या कडेने तो पातळ पसरवतात. त्यांना संशय आहे सर्रा रोगाचा. चावऱ्या माश्यांमार्फत पसरणारा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा परजीवी त्याला कारणीभूत असतो. अडचण अशी की रक्तातली त्याची संख्या लाटेसारखी वाढते आणि ओसरते. त्यामुळे आज काचेवर काही दिसले नाही, म्हणजे जनावर मोकळे झाले असे म्हणता येत नाही.

मग तो त्या वेळी असतो कुठे? या प्रश्नाचा माग संशोधकांनी याच कुळातल्या दुसऱ्या एका परजीवीत घेतला, आणि त्यासाठी मदत घेतली ती काजव्याची.

पहिल्या पावसानंतर ओढ्याकाठी लुकलुकणारा काजवा ल्युसिफरेज नावाच्या विकराच्या साहाय्याने ल्युसिफेरिन या द्रव्यापासून प्रकाश निर्माण करतो. त्याला प्राणवायू लागतो आणि जिवंत पेशीतली ऊर्जा, म्हणजे एटीपी, लागते. सारी मेख या एटीपीत आहे: ल्युसिफरेजचे जनुक परजीवीत बसवले, तर तो जिवंत असेपर्यंतच उजळतो आणि मेला की विझतो.

हा परजीवी म्हणजे ट्रिपॅनोसोमा क्रूझी. ब्राझीलमध्ये कार्लोस शागास यांनी 1909 मध्ये वर्णन केलेल्या रोगाचे हे मूळ असून, तो माणसाच्या शरीरात दशकानुदशके दबा धरून राहतो आणि अनेकांचे हृदय निकामी करतो. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमधील संशोधकांनी त्याला तांबड्या प्रकाशाचे ल्युसिफरेज दिले. तांबडाच का, हे बॅटरीवर तळहात ठेवून पाहिले की कळते: रक्त हिरवा-पिवळा उजेड गिळते, बोटांतून बाहेर येतो तो तांबूस.

संसर्ग झालेल्या उंदराला ल्युसिफेरिन टोचून, भूल देऊन, काळोख्या पेटीत ठेवतात आणि अतिशय संवेदनशील कॅमेरा काही क्षण ते मिणमिणणे टिपत राहतो. (पडद्यावरचे निळे-तांबडे ठिपके उंदराच्या अंगचे नव्हेत, उजेड कुठे किती, हे दाखवण्यासाठी संगणकाने भरलेले ते रंग आहेत.) पूर्वी अवयव तपासण्यासाठी दर टप्प्याला उंदीर मारावे लागत, आता तोच उंदीर कित्येक आठवडे पुन्हा पुन्हा पाहता येतो.

जे दिसले ते अनपेक्षित होते. जुनाट संसर्गात रक्तात जवळपास काहीच नसताना उजेड येत होता तो मुख्यतः मोठ्या आतड्यातून आणि जठरातून. औषधांची पारख याहून बोलकी ठरली. पोसाकोनॅझोल दिलेल्या उंदरांत उजेड मावळला, पण प्रतिकारशक्ती दडपणारे औषध दिल्यावर त्यांतल्या बऱ्याच उंदरांत तो पुन्हा उमटला. बेंझनिडॅझोल दिलेले उंदीर मात्र अंधारेच राहिले. माणसांवरील चाचणीचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा पोसाकोनॅझोल घेतलेल्या बहुतेक रुग्णांत परजीवी परतलेला होता. बेंझनिडॅझोलही निर्दोष नाही, त्याचे दुष्परिणाम अनेकांना सोसवत नाहीत. तरीही कोणते औषध नुसते दबवते आणि कोणते मुळापासून काढते, हा फरक उंदरातच दिसू शकतो, हे माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल आहे.

मर्यादाही स्पष्ट आहेत. चमकणारा परजीवी प्रयोगशाळेत घडवावा लागतो, फारच थोडे परजीवी उरले तर कॅमेराही चुकतो, आणि म्हशीच्या जाड देहातून उजेड बाहेर यायचा नाही. गोठ्यात आजही भरवसा काचपट्टीवरच आहे.

इंजेक्शन देऊन झाल्यावर पशुवैद्य वहीत तारीख लिहितात. "मामा, ताप उतरला तरी पंधरा दिवसांनी रक्त पुन्हा बघायचं, विसरू नका," असे सांगून ते दुसऱ्या म्हशीचा कान हाती घेतात.