पाइपातले चार सांधे

मंडळी, सयाजीरावांनी १८९० साली ज्या बडोद्यात कलाभवन, म्हणजे तंत्रशिक्षणाची शाळा, काढलं, तिथं कारखान्यातल्या माणसाला बोलायला उभं करणं जुन्या रीतीला धरूनच आहे. माझी सगळी नोकरी इथंच मकरपुऱ्याला ॲल्युमिनियमच्या प्रेसवर झाली. त्यामुळे बोलणार तेवढंच.

शेव पाडायचा सोऱ्या तुमच्या घरी आहेच. आमचा प्रेसही तोच, फक्त पिठाच्या जागी साडेचारशे-पाचशे अंशांवर तापवलेला बिलेट, म्हणजे ॲल्युमिनियमचा ओंडका, आणि हाताच्या जागी शेकडो टनांचा रेटा. ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना. म्हणजे इथं ते वितळत नाही, घट्ट राहूनच सरकतं. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

भरीव पट्टी काढणं सोपं. पोकळ पाइप काढायचा तर मधला गाभा, म्हणजे मँड्रेल, अधांतरी कसा धरणार? त्याला डायमध्ये, म्हणजे आमच्या सोऱ्याच्या चकतीत, पाय देतात. धातू त्या पायांमधल्या भोकांतून तीन-चार प्रवाहांत फुटतो, पाय ओलांडल्यावर डायच्या पोटातल्या पोकळीत पुन्हा एकत्र येतो आणि मँड्रेलभोवतीच्या फटीतून पाइप होऊन बाहेर पडतो. चार भोकांची डाय असेल, तर अख्ख्या लांबीभर चार सांधे. ना वेल्डर, ना ठिणगी. तुमच्या खिडकीच्या चौकटीतला पोकळ सेक्शन बहुधा असाच जन्मलेला असतो.

न वितळता सांधा जुळतो कसा? घडीची पोळी आठवा. घडी घालताना आतून तेल लावून पीठ भुरभुरता, म्हणून पदर सुटतात. काहीच न लावता तोच गोळा मळलात तर घडी कुठं होती ते सापडणार नाही. ॲल्युमिनियमला हवा लागली की क्षणात वर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. अगदी पातळ, काही नॅनोमीटरचा, पण ते आमचं भुरभुरलेलं पीठ. डायच्या पोटात हवा नसते, फुटलेल्या प्रवाहांचे काठ कोरे असतात, आणि पुरेसा दाब, उष्णता नि वेळ मिळाला की ते एकजीव होतात. पोकळी उथळ ठेवली तर दाब कमी पडतो. पायाच्या मागं पोकळ जागा राहिली आणि तिथं हवा अडकली, तर पीठ भुरभुरलंच म्हणून समजा.

ही झाली उभ्या सांध्यांची गोष्ट. आमचा घात बहुतेक वेळा आडव्या सांध्यानं केला. सोऱ्यातलं पीठ संपत आलं की तुम्ही नवा गोळा भरता, आणि चकली नेमकी तिथंच तुटते. तसाच आमचा नवा बिलेट डायमध्ये उरलेल्या जुन्या धातूला येऊन भिडतो. तो सांधा सरळ आडवा नसतो. नवा धातू जुन्याच्या पोटात जिभेसारखा लांब घुसतो. प्रेस थांबल्याची खूण पाइपावर वळ्यासारखी दिसते. नवा कामगार त्या खुणेवर करवत मारतो आणि काम झालं म्हणतो. खरं तर जीभ तिथून पुढं सुरू होते. भंगारात टाकायची लांबी खुणेनंतरची असते, आणि ती सेक्शनागणिक, डायगणिक वेगळी.

एकदा आमचा माल वाकवताना गिऱ्हाइकाकडं कांद्यासारखा सोलला. त्यानं तुकडा माझ्या टेबलावर आपटला. आत काळी रेघ होती. बट, म्हणजे बिलेटचा शेवटी उरलेला तुकडा, चिकटू नये म्हणून बिलेटच्या तोंडाला ग्रीस लागलेलं होतं, सढळ हातानं. शिवाय खुणेनंतरचे तुकडे मालात गेले होते. दोन्ही चुका आमच्याच, आणि दोन्ही थोडं भंगार वाचवण्यापायी.

एक गैरसमज सांगून टाकतो. अॅनोडाइज केल्यावर, म्हणजे विजेच्या मदतीनं वर ऑक्साइडचा थर चढवल्यावर, पाइपावर फिकट पट्टा दिसला की गिऱ्हाईक ओरडतं, 'जोड कच्चा आहे.' तो पट्टा पुष्कळदा नुसता धातूच्या दाण्यांच्या रचनेतला फरक असतो, सांधा भक्कम असतो. उलट कुठलीही रेघ न दिसणारा पाइप हातात उकलू शकतो. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. तुकडा कापून गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवा, मग नायट्रिक ॲसिडनं काळेपणा काढा, सांधे कुठं आहेत ते उमटतात. ते पक्के आहेत का, हे मात्र शंकूच सांगतो. पाइपाच्या तोंडात पोलादी शंकू ठोका आणि फाटेपर्यंत तोंड रुंदावत न्या.

हे दोन तुकडे मी फिरवायला देतो. पहिला आधी भरपूर ताणला गेला आणि मग सांधा सोडून भलतीकडं, वेडावाकडा फाटलाय. दुसरा फारसा न ताणता पट्टीनं आखल्यासारखा सरळ उकललाय, फाटीच्या कडा गुळगुळीत आहेत. बोटं सांभाळा, धार आहे.