"सर, चालत नाहीये"

नमस्कार श्रोतेहो.

मी जे काम करतो ते थोडंफार रेडिओसारखंच आहे. समोरचा माणूस दिसत नाही आणि हाताशी फक्त शब्द असतात. वर्गात संगणक, प्रोजेक्टर, टॅब वापरणाऱ्या शिक्षकांना मी ऑनलाइन मदत करतो. कधी चॅटवर, कधी कॉलवर. येणाऱ्या निरोपांतले निम्मे तरी एकाच वाक्याचे असतात: "सर, चालत नाहीये."

काय चालत नाहीये, ते पुढे विचारून घ्यायचं असतं. आणि ते कसं विचारायचं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली.

एकदा एका मॅडमचा भर तासाला निरोप आला. लॅपटॉपवर धडा दिसतोय, प्रोजेक्टरच्या पडद्यावर मात्र नुसतं डोंगराचं चित्र. मी तत्परतेनं विचारलं, "डिस्प्ले एक्स्टेंडवर आहे की डुप्लिकेटवर?" उत्तर नाही. मग विचारलं, "केबल एचडीएमआय आहे की व्हीजीए?" तरी शांतता. दहा मिनिटांनी एक ओळ आली: "राहू द्या, फळ्यावर घेतलं."

माझे दोन्ही प्रश्न बरोबर होते, आणि दोन्ही निरुपयोगी होते. अख्खा वर्ग आपल्याकडे टक लावून बघतोय, मागच्या बाकावर खुसखूस सुरू झालीये, अशा वेळी कुणी तोंडी परीक्षा घेऊ लागलं तर तुम्हीही फळ्याकडेच वळाल. मी एवढंच लिहायला हवं होतं: "कीबोर्डवरचं विंडोजचं बटण दाबून ठेवा आणि पी दाबा. चार पर्याय येतील, त्यातला दुसरा निवडा." दुसरा पर्याय म्हणजे डुप्लिकेट, जे लॅपटॉपवर तेच पडद्यावर. त्यांचा संगणक प्रोजेक्टरला वेगळा, जोडीचा पडदा समजत होता, म्हणून धडा इकडे आणि डोंगर तिकडे. पण हे 'का' संध्याकाळी सांगायचं. तास चालू असताना फक्त 'काय करा' तेवढं, आणि तेही दोन ओळींत.

संध्याकाळची मदत मात्र निराळी असते. तिथे घाई नसते, आणि तिथेच मी दुसरी चूक वर्षानुवर्षं केली. शिक्षकानं जे साधन मागितलं, ते शिकवून मोकळा व्हायचो. गणिताच्या एका सरांनी विचारलं, अपूर्णांकांसाठी ॲनिमेशन कशात करता येईल? मी उत्साहानं सॉफ्टवेअर सुचवलं, अठरा मिनिटांचा व्हिडिओ करून पाठवला. त्यांनी तो चार मिनिटं पाहून सोडला, असं त्यांनीच नंतर प्रांजळपणे सांगितलं. मग मी विचारलं, "मुलांना नेमकं काय दिसायला हवंय?" ते म्हणाले, "कागदाला घडी घातली की अर्ध्याचे पाव होतात, ते. मी करून दाखवतो, पण शेवटच्या बाकापर्यंत दिसत नाही." म्हणजे ॲनिमेशनची गरजच नव्हती! पुस्तकांच्या दोन थप्प्या, त्यांवर आडवी पट्टी, पट्टीवर मोबाइल, कॅमेरा खाली, आणि मोबाइलचं चित्र प्रोजेक्टरवर. सरांचे हात आणि तो कागद भिंतीएवढा दिसू लागला.

ही गोष्ट अभ्यासकांनी केव्हाच मांडून ठेवलीये. विषय येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं, आणि अमुक विषय मुलांच्या गळी कसा उतरवायचा हे ज्ञान आणखी वेगळं, असं ली शुलमन यांनी 1986 मध्ये लिहिलं. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी 2006 मध्ये त्यात तंत्रज्ञानाची भर घालून एक चौकट मांडली, तिला पुढे 'टीपॅक' हे नाव पडलं. नाव एखाद्या सरबताच्या पाकिटासारखं आहे खरं, पण म्हणणं सरळ आहे: बटणं शिकवायची तर ती धड्यापासून सोडवून शिकवता येत नाहीत. मदत करणाऱ्यानं आधी धडा विचारावा आणि मग यंत्राकडे वळावं.

कॉलवरची मदत हा आणखी एक नाजूक प्रकार. समोरच्याच्या संगणकाचा ताबा आपल्याकडे घेता येतो. माउस आपण हलवायचा, तीस सेकंदांत काम फत्ते. शिक्षक म्हणतात, "वा!" आणि पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न घेऊन परत येतात. येणारच! हात माझे चालले होते, त्यांचे नाही. आता मी ताबा घेत नाही. "वर उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके दिसतात का?" असं विचारतो आणि गप्प बसतो. हे गप्प बसणं फार जड जातं. मेरी बड रो या संशोधिकेनं 1970 च्या दशकात वर्गांमधलं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं दिसलं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक व्हायची. मुलांना थोडा वेळ द्या, असं आपण शिक्षकांना सांगतो आणि स्वतः मात्र सहकाऱ्याला एक सेकंदही देत नाही. मी मनात तीन आकडे मोजतो. बहुतेक वेळा दोनवरच पलीकडून आवाज येतो, "हां, सापडले!"

जाता जाता एक तक्रार. अडचण दाखवायला शिक्षक स्क्रीनचा फोटो पाठवतात, उत्तमच. पण त्यात कधी अख्ख्या वर्गाची नावं आणि गुण असतात. आमच्या तीसचाळीस शिक्षकांच्या चॅट-समूहात तो फोटो टाकण्याआधी नावांवर बोटानं काळी रेघ ओढा. मोबाइलमध्येच जमतं ते.

तर त्या डोंगरवाल्या मॅडम. पुढे बरेच महिने त्या समूहात काहीच लिहीत नसत. असे वाचणारे, न लिहिणारे शिक्षक बरेच असतात, आणि ते काही आळशी नसतात. मग एका सकाळी एका नव्या शिक्षिकेचा निरोप आला: "पडद्यावर काहीच येत नाहीये, तास सुरू झालाय." मी उत्तर टाइप करत होतो, तेवढ्यात मॅडमचं येऊन पडलं: "विंडोज आणि पी, त्यातला दुसरा. नाही आलं तर केबल काढून परत लावा. आणि तोवर मुलांना मागच्या धड्यावरचे प्रश्न एकमेकांना विचारायला सांगा, म्हणजे तुमच्याकडे कुणी बघणार नाही."

ते शेवटचं वाक्य माझ्या उत्तरात नव्हतं. मी माझं खोडून टाकलं.