मित्रांसाठी खेळ चालवायला बसावं का?

नमस्कार श्रोतेहो.

मित्रांच्या घोळक्यात कुणीतरी म्हणतं, "डी अँड डी खेळू ना एकदा, तू चालव." आपण "पाहू" म्हणतो आणि विषय तिथंच राहतो. आज त्या "पाहू"बद्दल बोलायचं आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्टीतलं जग सांभाळतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ते काय करतंय हे बोलून सांगतात. जमेल की नाही याची खात्री नसेल तिथं फासा टाकायचा, बहुधा वीस बाजूंचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजेच डी अँड डी, १९७४ साली बाजारात आला आणि तिथून हा प्रकार पसरला.

चालवायला बोलावलं की बहुतेकांच्या मनात पहिली भीती येते ती नियमांची. जाडजूड पुस्तकं बघून छाती दडपते. पण मूलभूत नियम फुकट मिळतात, फासे मोबाईलवरही टाकता येतात, आणि अडलं तर तुम्ही जे ठरवाल ते त्या रात्रीपुरतं चालतं. नियम न येणं हे नाही म्हणायचं कारण मला मान्य नाही.

स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. आपल्या डोक्यातली गोष्ट मित्रांना ऐकवायची हौस आहे, की मित्र काय करतात हे बघायची उत्सुकता आहे? गोष्ट आधीच शेवटापर्यंत ठरली असेल तर ती लिहून काढा, चांगली होईल. टेबलावर तिचे हाल होतात, कारण खेळाडू हमखास तिसऱ्याच वाटेनं जातात.

एक प्रसंग घ्या. त्यासाठी परदेशी किल्ले आणि ड्रॅगन लागत नाहीत. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं १७०२ मध्ये नागपूर वसवलं, पुढं चांद सुलतानानं शहराला तट बांधला. त्या तटाचा जुम्मा दरवाजा, म्हणजे आपलं आजचं गांधी गेट, महाल भागात उभा आहे. तर रात्र झालीये, दरवाजा बंद आहे. बाहेर चार प्रवासी, त्यांच्यापाशी देवगडहून आणलेला निरोप. तुम्ही एवढंच सांगून थांबायचं. एक जण म्हणेल भिंत चढतो. दुसरी म्हणेल, मी पहारेकऱ्याशी बोलते, "काहून अडवून राहिला भाऊ, राजाचं काम आहे ना बाप्पा!" तुम्ही मनाशी बारा हा आकडा धरता, तेवढे झाले तर पहारेकरी ऐकेल. तिच्या पात्राला बोलण्याचे तीन वरचे मिळतात, म्हणजे फाशावर नऊ किंवा जास्त हवेत, साठ टक्के शक्यता. फासा पडतो सातवर. झाले दहा. हुकलं.

चालवणाऱ्याची खरी कसोटी इथं लागते. "तो दार उघडत नाही" म्हटलंत की गोष्ट तिथंच मेली. त्याऐवजी म्हणा, दार उघडतं, पण पहारेकरी म्हणतो, निरोप माझ्या हाती द्या, आत मी नेतो. टेबलावर एकदम कुजबूज सुरू होते. द्यायचा का? खोटा कागद द्यायचा का? ती कुजबूज ऐकायला तुम्हाला आवडणार असेल, तर मी तुम्हाला हो म्हणायला सांगेन.

तयारीही मग बेताची पुरते. एक जागा, एक अडचण, आणि तीन माणसं ज्यांना प्रत्येकी काहीतरी हवंय. पहारेकऱ्याला काय हवंय हे ठाऊक असलं की तो काय बोलेल ते आपोआप सुचतं. शहराचा सबंध नकाशा काढत बसू नका.

अडतं ते वेळेशी. कुणाची शिफ्ट हिंगण्याच्या एमआयडीसीत, कुणाच्या घरी पाहुणे, कुणी पुण्याला नोकरीला. म्हणून महिनोन्‌महिने चालणारं कॅम्पेन सुरुवातीलाच कबूल करू नका. एकच संध्याकाळ, तीन तास, त्याच रात्री संपणारी गोष्ट. याला वन-शॉट म्हणतात. तीन जण आले तरी पुरे. चौथ्यासाठी तारीख पुढं ढकलत राहिलात की खेळ होतच नाही.

खेळायच्या आधी दहा मिनिटं एक बोलणं मात्र करा, मी ते कधीच टाळणार नाही. गोष्टीत काय नको ते विचारा. एखाद्याच्या घरी नुकतंच कुणी गेलेलं असतं, एखादीला लहान मुलांवरचे प्रसंग सहन होत नाहीत. जे नको ते बाजूला ठेवायचं, कारण विचारायचं नाही.

आणि चालवण्यात रस नसेल तर तसं सरळ सांगा. भिडेखातर टेबलाच्या त्या बाजूला बसलेला माणूस मित्रांना लगेच कळतो. तुम्ही खेळाडू व्हा, चालवायला दुसरं कुणी पुढं येईल. हो म्हणणार असाल तर आजच ग्रुपवर तारीख टाका, आणि वेळ संध्याकाळी सहाची द्या. आपल्याकडं लोक सातला जमतात.

नमस्कार.