उन्हाळ्याची पुस्तकं आणि त्यांना विचारायचा एक प्रश्न

नमस्कार श्रोतेहो.

मे महिना जवळ आला की गोव्यात घरोघरी पुरुमेंताची गडबड सुरू होते. अंगणात सोलं वाळतात, मिरच्या वाळतात, सुकी मासळी डब्यांत भरून ठेवली जाते. एकदा पाऊस लागला की बाजाराचा भरवसा नाही, हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक असलेल्या बायकांनी बसवलेली ही रीत आहे. आणि पुरुमेंत करणारी बाई एकाच जिनसाचे दहा डबे कधी भरत नाही. पुस्तकांच्या बाबतीत मात्र आपलं नेमकं तसं होतं. ज्याला इतिहास आवडतो तो सुट्टीत चार ऐतिहासिक पुस्तकं आणतो. ज्याला चरित्रं आवडतात तो चार चरित्रं आणतो. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा वाचून तर पुष्कळ झालेलं असतं, पण सगळं एकाच चवीचं.

आज मला बोलायचं आहे ते कथा-कादंबऱ्यांखेरीजच्या पुस्तकांविषयी. आत्मचरित्रं, प्रवासवर्णनं, इतिहास, निसर्ग, विज्ञान, संगीत, समाज. या पुस्तकांची उन्हाळ्यासाठी यादी कशी करावी, एवढाच विषय.

साधारणपणे आपण विषय वाटून घेतो. एक इतिहासाचं, एक विज्ञानाचं, एक प्रवासाचं. त्यात वाईट काही नाही. पण मला त्याहून उपयोगी वाटते ती दुसरी रीत. पुस्तक हातात घ्यायचं आणि लेखकाला मनातल्या मनात विचारायचं, ‘हे तुम्हाला कसं कळलं?’ कुणी म्हणेल, मी डोळ्यांनी पाहिलं. कुणी म्हणेल, माझ्यावर गुदरलं. कुणी म्हणेल, मी जुनी कागदपत्रं चाळली. कुणी म्हणेल, मी मोजलं, गणित मांडलं. ज्या पुस्तकांकडून या प्रश्नाची निरनिराळी उत्तरं येतील ती एकत्र आणा. विषयांची विविधता मग आपोआप येते, आणि वाचणाऱ्याची पारखही वाढते.

‘मी पाहिलं’ म्हणणाऱ्यापासून सुरुवात करू. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, घरचं कर्ज फिटेल, एवढ्या आशेनं 1857 साली ते आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते झाशीत होते. ‘माझा प्रवास’ हे त्यांचं पुस्तक वाचताना इतिहास बखरीतून उतरून रस्त्यावर येतो. पोटाची चिंता, दक्षिणेचा हिशेब, लुटालूट, भीती, आणि त्यातच दिसलेली राणी. पण इथेच आपला प्रश्न विचारायचा. भटजींनी हे लिहिलं ते घटनांनंतर जवळजवळ पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून. वैद्यांनी ते 1907 साली छापलं ते हात फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम मजकूर दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली प्रसिद्ध केला. म्हणजे पाहणारा एक, आठवणारा तोच पण म्हातारपणाकडे झुकलेला, आणि छापणारा तिसराच. एवढं ध्यानात ठेवून वाचलं की पुस्तकाची गोडी कमी होत नाही, उलट आपण जागे राहून वाचतो.

त्याला जोडून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ठेवावीत. ही जोडी मी मुद्दाम सुचवतो. लक्ष्मीबाईंची कहाणीही सत्तावन्नपासूनच सुरू होते. बंडानंतर घरातल्या वडीलधाऱ्या नातलगाला फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याओवळ्याचं जे वेड लागलं त्यात सगळं घर होरपळलं. भटजी रणधुमाळीच्या मधोमध उभे होते. लक्ष्मीबाई जन्मल्या पुढच्या पिढीत, पण त्याच आगीची धग त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली होती. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई लग्नानंतर अक्षरं शिकली, नवऱ्यानं ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर मोडून पडली, पुन्हा उभी राहिली, आणि हे सगळं तिनं असं लिहिलं की रडता रडता हसू यावं. गोव्यात एकाच वाड्यावर देऊळ आणि इगर्जी पाहत वाढलेल्या आपल्यासारख्या वाचकांना या पुस्तकातलं धर्मांतर, त्यानं तुटलेली आणि पुन्हा जुळलेली माणसं, फार जवळची वाटतील.

आता गोव्याच्या मातीतलं. पणजीला चर्चजवळच्या नगरोद्यानाचं नाव गार्सिया द ओर्ता. त्या बागेत आपण कितीदा बसलो असू. हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. भारतातला पहिला छापखाना 1556 साली जुन्या गोव्यात सुरू झाला, आणि 1563 साली गोव्यातच ओर्ताचं पुस्तक छापलं गेलं. आपल्याकडची झाडं, फळं, मसाले, औषधं यांवर दोन माणसांनी केलेली बातचीत, असं त्याचं रूप आहे. आंबा आहे, नारळ आहे, दालचिनी आहे, हिंग आहे, पटकीच्या रोग्याचं वर्णन आहे. युरोपातले पंडित तेव्हा ग्रीक आणि अरब ग्रंथांचा दाखला दिल्याशिवाय बोलत नसत. ओर्ता मात्र इथल्या वैद्यांना विचारतो, बाजारात जाऊन माल पाहतो, झाड स्वतः पाहतो, आणि ग्रंथात चूक असेल तर चूक म्हणतो. ‘हे तुम्हाला कसं कळलं’ हा प्रश्न त्यानं साडेचारशे वर्षांपूर्वी मोठमोठ्यांना विचारला होता. मूळ पुस्तक पोर्तुगीज, पण 1913 सालचा इंग्रजी अनुवाद आहे. सगळं वाचायची गरज नाही. आंब्याचं प्रकरण उघडा, शेजारी मानकुरादाची फोड ठेवा. ओर्ता धर्मांतरित ज्यू घराण्यातला होता. त्याच्या मृत्यूनंतर, 1580 साली, इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याची हाडं उकरून जाळली. आपल्या भूमीवर ज्ञानाची आणि क्रौर्याची गोष्ट अशी एका माणसाच्या नावाशी बांधलेली आहे. ती आपल्या मुलांना माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आणि एक पुस्तक गोव्यातल्या प्रत्येक मराठी वाचकानं निदान एकदा वाचावं असा माझा आग्रह आहे, ते म्हणजे धर्मानंद कोसंबींचं ‘निवेदन’. सांखवाळचा हा मुलगा. जन्म 1876 चा. शालेय शिक्षण जेमतेम. एका मुलांच्या मासिकात बुद्धाविषयी लेख वाचला आणि तो मनातून जाईना. नारळाच्या बागा सांभाळत असताना, घरी पत्नी आणि तान्ही मुलगी असताना, 1899 च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी. काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. मग नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश. पाली भाषा शिकले, भिक्षू झाले, आणि पुढे त्याच विद्येच्या बळावर अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात जाऊन काम केलं. ‘निवेदन’ 1924 साली पुस्तकरूपानं आलं. त्यात बढाई नाही. उपास, आजार, पैशाची चणचण, मागे सोडून आलेल्या माणसांची टोचणी, सगळं सरळ सांगितलेलं आहे. ‘हे तुम्हाला कसं कळलं’ असं यांना विचारलं तर उत्तर येईल, ‘चालत गेलो, म्हणून कळलं.’ दहावी-बारावीच्या परीक्षा देऊन बसलेल्या, पुढे काय करायचं या विचारानं घाबरलेल्या मुलामुलींच्या हाती हे पुस्तक द्या. उपदेश करू नका. नुसतं द्या.

प्रवासाचंच आणखी एक हवं असेल तर कोकणीकडे वळा. प्रियोळच्या रवींद्र केळेकरांचं ‘हिमालयांत’ आपल्याला अनुवादाशिवाय वाचता येतं. मराठी, कोकणी, इंग्रजी, आणि जुन्या पिढीला पोर्तुगीजही, इतक्या भाषा एका घरात असणं ही गोव्याची श्रीमंती आहे. यादीत निदान दोन भाषा असाव्यात.

दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ वाचायची रीत वेगळी. ते एका बैठकीत संपवायचं पुस्तकच नव्हे. बारा महिन्यांवरचे बारा लेख, सुरुवात चैत्रापासून. तेव्हा चैत्रात चैत्र वाचा, वैशाखात वैशाख, आणि पुस्तक मिटून बाहेर या. दुर्गाबाईंनी टिपलेली पालवी, फुलं, पाखरं आपल्या परसात कुठली आहेत ती शोधा. त्यांचं ज्ञान रोज त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा बघण्यातून आलेलं आहे. आपणही महिनाभर एकच झाड बघून पाहावं. वर्षभर पुरणारं हे एकच पुस्तक यादीत असलं की पावसाळ्यात वाचनाचा धागा तुटत नाही.

कागदपत्रं आणि संशोधन यांतून आलेलं एखादं जाड पुस्तक असू द्या. बा. द. सातोस्करांचे ‘गोमंतक : प्रकृती आणि संस्कृती’चे तीन खंड आहेत. ते सलग वाचू नयेत. आपला तालुका, आपलं दैवत, आपला उत्सव यांचे उल्लेख आधी काढावेत. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ मात्र सलग वाचा. मानववंशशास्त्र जाणणाऱ्या बाईंनी महाभारतातल्या माणसांकडे माणसं म्हणून पाहिलं की काय दिसतं, ते त्यात आहे. पटलं नाही तर घरात वाद घाला.

दया पवारांचं ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन यादीत हवंच. 1978 साली आलेलं हे पुस्तक सुखानं वाचता येत नाही, आणि सुट्टीत सुखाचंच वाचावं असं मी मानत नाही. सोसलेल्या माणसानं स्वतः सांगणं आणि दुसऱ्या कुणी त्याच्याविषयी सांगणं, यांतला फरक या पुस्तकाइतका फार थोड्या पुस्तकांतून कळतो.

विज्ञानाची धास्ती पुष्कळांना असते. त्यांनी जयंत नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’ घ्यावं आणि ते रात्री वाचावं. मे महिन्यात, ढग यायच्या आधी, उत्तरेला सप्तर्षी छान वर आलेले असतात. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे नेली की स्वाती, आणखी पुढे चित्रा. जिथे कुणी जाऊन आलेलं नाही तिथली बातमी माणसाला कशी कळते? येणाऱ्या प्रकाशावरून. प्रकाशाची फोड करून ताऱ्याचं तापमान कळतं, त्यात काय आहे ते कळतं. आपल्या प्रश्नाला याहून थक्क करणारं उत्तर मला माहीत नाही.

आणि एक संगीताचं. उन्हाळ्यात साळावली धरणाचं पाणी ओसरलं की बुडालेल्या कुर्डी गावाचे जोते वर येतात, आणि तिथली माणसं आपलं गाव पाहायला जातात. कुर्डी म्हणजे मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. वामनराव देशपांड्यांनी, जे व्यवसायानं चार्टर्ड अकाउंटंट होते आणि मोगूबाईंकडे शिकले होते, ‘घरंदाज गायकी’ लिहिलं. स्वर आणि लय यांचा तोल कोणत्या घराण्यात कुणीकडे झुकतो, हे त्यांनी कानांनी तोलून मांडलं आहे. हे पुस्तक मुक्यानं वाचून उपयोग नाही. एक प्रकरण वाचायचं, मग मोगूबाई ऐकायच्या, केसरबाई ऐकायच्या. दोघी गोव्याच्या, दोघी अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, तरी गाणं किती वेगळं!

इतकी नावं मी घेतली, पण एका उन्हाळ्याला पाच पुस्तकं पुरेत. सहावं हाताशी असू द्या, कारण एखादं पुस्तक जमत नाही. पन्नास पानं प्रामाणिकपणे वाचून बघा, नाही रुचलं तर परत करा. त्यात कमीपणा कसला? सकाळी उकाडा चढायच्या आत कठीण पुस्तक, दुपारी आडवं झाल्यावर आठवणींचं किंवा प्रवासाचं, अशी दोन एका वेळी चालू ठेवली की दोन्ही पुढे सरकतात. एक पुस्तक घरात मोठ्यानं वाचायला राखून ठेवा. ‘स्मृतिचित्रे’ त्यासाठीच लिहिल्यासारखी आहेत. आजीपासून नातवापर्यंत सगळे ऐकतात. आणि एक वही ठेवा. प्रत्येक पुस्तकाचं नाव लिहून त्याखाली लेखकाला हे कसं कळलं ते आपल्या शब्दांत दोन ओळींत लिहा. पुस्तकाचा सारांश लिहायचा नाही.

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. पणजीचं आपलं मध्यवर्ती ग्रंथालय 1832 सालचं, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. पाटोवरच्या त्याच्या इमारतीत गोव्याविषयीच्या पुस्तकांचा मोठा संग्रह आहे. तालुक्यांत ग्रंथालयं आहेत, गावोगावी वाचनालयं आहेत. एप्रिलमध्येच यादी घेऊन तिथे जा. मे लागला की सुट्टीवर आलेली मंडळीही पुस्तकं नेतात. हवं ते पुस्तक बाहेर गेलेलं असेल तर ग्रंथपालांकडे नाव नोंदवून या, आणि तोवर यादीतलं दुसरं सुरू करा. कोणतं आधी, असं विचाराल तर वयस्कांना मी ‘माझा प्रवास’ सांगेन, आणि तरुणांना ‘निवेदन’.

नमस्कार.