९ व्होल्टची बॅटरी आणि जुना मीटर सांगतो सव्वा!

नमस्कार मंडळी. आधी एक छोटा प्रयोग करू, मग बोलू.

ही ९ व्होल्टची बॅटरी. तिच्यावर एक-एक मेगओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावलेत. मधल्या जोडावर निम्मे, म्हणजे साडेचार व्होल्ट यायला हवेत. डिजिटल मीटर लावतो... ४.२८. आता हा जुना काट्याचा मीटर, अ‍ॅव्हो मॉडेल ८, १० व्होल्टच्या रेंजवर. (मीटर कॅमेऱ्याजवळ) काटा उठला आणि सव्वाच्या जरा पुढे थांबला. १.२८!

पुष्कळ जण इथेच म्हणतात, "मीटर गेला," आणि तो माळ्यावर जाऊन पडतो. मला फार वाईट वाटतं, कारण मीटर ठणठणीत आहे.

काटा हलवायला लागणारा करंट हा मीटर आपल्याच सर्किटमधून घेतो. दर व्होल्टला २०,००० ओहम, म्हणजे १० व्होल्टच्या रेंजवर २ लाख ओहम. आपला रेझिस्टर १० लाखांचा. त्याच्या शेजारी २ लाखांची वाट उघडली की करंट तिकडून पळणार आणि व्होल्टेज खाली बसणार. डिजिटल मीटर साधारण १ कोटी ओहमचा, म्हणून त्याचा भार कमी. पण साडेचार त्यानेही दाखवले नाहीत, हे लक्षात घ्या.

ब्रिटिश पोस्ट खात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकेडी यांना अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजायला वेगवेगळी यंत्रं वागवायचा कंटाळा आला. त्यातून १९२३ साली अ‍ॅव्होमीटर बाजारात आला. नावातच तिन्ही अक्षरं आहेत. हे मॉडेल ८ १९५१चं, आणि ते २००८पर्यंत बनत होतं. त्या काळच्या कितीतरी व्हॉल्व्ह रेडिओंच्या (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या) सर्व्हिस शीटवरचे, म्हणजे दुरुस्तीच्या माहितीपत्रकावरचे, व्होल्टेज असल्याच मीटरने घेतलेले आहेत. शीटवर तसं लिहिलेलं असेल, तर तिथे डिजिटलचा आकडा जास्त येतो आणि आपण नसलेला बिघाड शोधत बसतो.

आता निगा. हा मीटर मी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला. सेलचा कप्पा उघडला तर पत्तीवर पांढरी भुकटी, पत्ती अर्धी खाल्लेली. अल्कलाइन सेल गळला की असं होतं. कापसाच्या काडीने लिंबाचा रस लावला, बारीक फेस आला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं केलं. तेव्हापासून पावसाळ्यात मीटर वापरात नसला की सेल बाहेर काढून ठेवतो. वरच्या ओहम रेंजसाठी याला १५ व्होल्टची बॅटरीही लागते. ती सहज मिळत नाही. मी ३ व्होल्टचे पाच बटण सेल एकावर एक रचून बसवलेत.

स्वीच खरखरत असेल तर क्लीनर काडीवर घ्या, थेट फवारू नका. आणि काट्याच्या बेअरिंगला तेल? कधीही नाही! ते कोरडंच चालायचं असतं. मीटर उघडाल ते टेबलही पुसून घ्या. आत लोहचुंबक आहे. लोखंडाचा एक कीस गेला की काटा अडकतो.

वाचताना काटा आणि आरशातलं त्याचं प्रतिबिंब एका रेषेत आलं पाहिजे. ओहमच्या रेंजवर लाल प्रोब ऋण असतो, त्यामुळे डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) तपासताना उलटा वाटतो. घाबरू नका.

घरच्या मेन्सवर मात्र मी हा मीटर लावत नाही. आजच्या मीटरसारखं सुरक्षेचं रेटिंग याला नाही. जास्त करंट आला की लाल बटण उसळतं, पण ते काट्याला वाचवायला आहे, तुम्हाला नाही. जुन्या वायरींचं रबर तडकलेलं असतं, त्या आधी बदला.

आता परत प्रयोगाकडे. काही बदलत नाही, फक्त रेंज २५ व्होल्टवर नेतो. (काटा जवळून) १.२८चे झाले सव्वादोन! आता मीटर ५ लाख ओहमचा झाला, भार हलका झाला. अनोळखी सर्किटवर मी आधी हेच करतो: दोन रेंजवर मोजतो. आकडे जवळपास सारखे आले तर वाचन पक्कं. असे उडाले तर मीटर सर्किटला दाबतोय, आणि या दोन आकड्यांवरून खरे साडेचार वहीवर काढता येतात. वही घ्या, मांडून बघू.