हँडलरमधून कुणाला हाक मारायची?

(उद्यमनगर. शटर वर जातं, लेथ सुरू होतो.)

कोल्हापूरचं उद्यमनगर. या लेथच्या स्पिंडलला, म्हणजे नग फिरवणाऱ्या दांड्याला, मागून एन्कोडर जोडलाय, एका फेऱ्याला १००० पल्स देणारा. स्पिंडल मिनिटाला १५०० फेरे घेतोय. म्हणजे सेकंदाला २५,००० पल्स, दर ४० मायक्रोसेकंदांनी एक. शेजारचा बोर्ड हे पल्स मोजतो, त्या हिशोबाने लीडस्क्रूची (हत्यार सरकवणाऱ्या स्क्रूची) स्टेपर मोटर फिरवतो, आणि गिअर न बदलता आटे पडतात.

(टेबल. स्कोपवर, म्हणजे सिग्नल रेषेत दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर, दोन रेषा.)

वरची रेषा एन्कोडरची. खालची, बोर्डवरच्या एका मोकळ्या पिनची. पल्स आला की प्रोसेसरला हातातलं काम सोडायला लावणारा इशारा म्हणजे इंटरप्ट; तेव्हा चालणारा छोटा कोड म्हणजे हँडलर. हँडलरमध्ये शिरताना ही पिन वर करायची, निघताना खाली. कोडच्या दोन ओळी. हँडलर प्रोसेसर किती वेळ अडवून बसला, ते या उंचवट्याच्या रुंदीवर दिसतं. "चालतंय की" म्हणण्याआधी प्रोब इथे लावावा.

प्रोसेसर ७२ मेगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-एम३. इंटरप्ट आला की हातातल्या कामाचे आठ रजिस्टर तो आपणहून स्टॅकवर, मेमरीत बाजूला, ठेवतो आणि साधारण १२ सायकलींत हँडलरमध्ये पोचतो. पल्स आल्याची खूण (फ्लॅग) पुसली, मोजणी एकने वाढवली, बाहेर. उंचवटा सुईएवढा. (ही मोजणी चिपमधल्या टायमरच्या एन्कोडर मोडवर टाकता येते, आणि एरवी टाकावीच. इथे मुद्दाम इंटरप्टवर घेतलीय, म्हणजे चूक डोळ्यांना दिसते.)

(स्कोपचा पडदा जवळून.)

आता याच हँडलरमध्ये प्रिंटएफची, मजकूर बाहेर पाठवणारी, एक ओळ घातली. दर हजार मोजणीला ४० अक्षरं. सीरियल पोर्ट १,१५,२०० बॉडवर, एका अक्षराला १० बिट, म्हणजे जवळपास ८७ मायक्रोसेकंद. एकच अक्षर बाहेर पडेपर्यंत दोन पल्स येऊन जातात. ४० अक्षरांना सुमारे साडेतीन मिलिसेकंद. खालची रेषा वर चढली ती उतरायलाच तयार नाही, आणि वर ८६-८७ पल्स निघून गेले. त्यातला एक तेवढा लक्षात राहतो, कारण 'इंटरप्ट थांबलाय' हे नोंदवणारा पेंडिंगचा बिट एकच. आट्यांचा पिच बिघडतो, नग भंगारात.

(डिस्प्ले गोठलेला. मागे स्पिंडल फिरतोय.)

हा डिस्प्ले बिघडलेला नाही. हँडलरमधून एचएएल डिले, म्हणजे ठरावीक वेळ थांबवणारं तयार फंक्शन, मागवलंय. डिले टिकची, घड्याळाच्या ठरावीक ठोक्याची, वाट बघतोय. टिकचा इंटरप्ट याच्यापेक्षा कमी मानाचा (प्रायॉरिटीचा), त्याला आत येता येत नाही. दोघंही थांबलेले, कायमचे.

मेमरीत जागा मागणाऱ्या मॅलॉकचं असं चित्र मिळत नाही. मूळ कोड मोकळ्या जागांची यादी अर्धवट बदलत असताना हँडलरने तीच यादी हाती घेतली, तर कोसळणं तासाभराने, भलत्याच फंक्शनमध्ये होतं. मजकुराचे तुकडे पाडणारा स्ट्रटोक कुठवर पोचलो ते स्वतःच्या पोटात लपवून ठेवतो, त्यालाही हेच लागू.

(स्कोपवर तिसरी रेषा: टास्क.)

प्रिंटएफ आता फ्रीआरटीओएसच्या (छोट्या प्रोसेसरवर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) एका टास्कमध्ये, वेगळ्या चालणाऱ्या कामात, हलवलाय. एन्कोडरचा झेड पल्स फेऱ्याला एकदाच येतो; त्याचा हँडलर टास्कला नुसतं जागं करतो. इथे रांगेत (क्यूत) निरोप टाकणारं साधं क्यू सेंड चालत नाही. क्यू भरलेली असली तर ते हाक मारणाऱ्या टास्कला झोपवतं, आणि हँडलर टास्क नव्हेच, झोपवणार कुणाला? म्हणून नावात 'फ्रॉम आयएसआर' असलेलीच फंक्शनं (आयएसआर म्हणजे इंटरप्ट हँडलरच). शेवटी यील्ड फ्रॉम आयएसआर: हँडलर संपताच जागा झालेला टास्क चालवा. ती ओळ विसरली की तिसरी रेषा बघा: टास्क पुढच्या टिकपर्यंत, एक मिलिसेकंदापर्यंत, रेंगाळतो.

(डीबगर एका ओळीवर थांबलेला.)

आणि ही नेहमीची जागा. कॉर्टेक्स-एममध्ये आकडा लहान तितका मान मोठा, आणि रीसेटनंतर प्रत्येक इंटरप्टचा आकडा ०. कर्नलची (फ्रीआरटीओएसच्या गाभ्याची) सीमा इथे ५ ठेवलीय: नाजूक काम करताना कर्नल ५ आणि पुढचे आकडे रोखतो, ० ते ४ ला हात लावत नाही. मोजणीचा इंटरप्ट २ वर. तो कर्नलमुळे कधी खोळंबत नाही, पण त्याने कर्नलचं एकही फंक्शन मागवायचं नाही, फ्रॉम आयएसआरवालंसुद्धा. झेडचा ६ वर हवा होता. तो ० वरच राहिला होता. कॉन्फिगअसर्ट, म्हणजे चूक दिसताच थांबवणारी तपासणी, चालू होता म्हणून डीबगर नेमका इथे अडला.

(स्पिंडल पुन्हा १५०० वर.)

० चं ६ केलं. डिस्प्लेवर दर फेऱ्याला १०००.