डॉक्टर बाहेर का जातात?

श्रोतेहो, नमस्कार.

दाताच्या दवाखान्यात खुर्चीत टेकलात की डॉक्टर म्हणतात, "एक एक्स-रे फोटो काढू या." तोंडात सेन्सर ठेवतात, "हलू नका हं" म्हणतात आणि स्वतः दाराबाहेर! मग आपल्या मनात येणारच, की एवढं निर्धोक आहे तर हे का पळतात?

सांगतो. पण त्यासाठी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला जायला हवं, एडमंड केल्स यांच्या दवाखान्यात. केल्स दंतवैद्य, आणि भलतेच खटपटे. १८८५ साली त्यांनी मदतनीस म्हणून बाई नेमली, म्हणजे स्त्री रुग्णांना कुणालाही सोबत न आणता एकटीनं येता यावं. आपल्याकडे आजही बाईबरोबर नवरा आत शिरतो आणि दुखतंय कुठे ते तोच सांगतो! दाढ तिची, बोलणार हा. असो.

१८९५ च्या नोव्हेंबरात जर्मन शास्त्रज्ञ राँटगेन यांना क्ष-किरण, म्हणजेच एक्स-रे, सापडले. जानेवारी १८९६ मध्ये जर्मनीत ओट्टो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दाढांचा फोटो घेतला. पंचवीस मिनिटं न हलता! त्याच वर्षी केल्सही कामाला लागले. पण हे किरण सोडणाऱ्या त्या काळच्या नळीचा भरवसा नसे, जोर कमी-जास्त व्हायचा. मग केल्स काय करत? स्वतःचा हात नळीसमोर धरत. पडद्यावर हाडं स्वच्छ दिसेपर्यंत यंत्र जुळवत आणि मगच रुग्णाकडे वळत. पुन्हा रुग्ण आला की पुन्हा तोच हात. वर्षानुवर्षं. दुखत नाही, चटका बसत नाही, मग संशय कशाला येईल? बोस्टनचे विल्यम रोलिन्स, तेही दंतवैद्यच, १९०१ पासून धोका सांगत होते, यंत्राला शिशाचं आवरण घाला म्हणत होते. फारसं कुणी ऐकलं नाही. केल्स यांच्या हाताची आधी कातडी गेली, मग कर्करोग झाला. बोटं कापली, पंजा कापला, शेवटी हातच गेला. १९२८ मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

आता नीट ऐका. केल्स यांना नडला तो रोजचा हात. तुम्ही वर्षा-दोन वर्षांनी एखादा फोटो काढता, डॉक्टर दिवसभर काढत असतात. तेही आतच थांबले, तर थोडं थोडं करत साठत जाईल. म्हणून ते बाहेर जातात.

तुमच्या वाट्याला किती येतं? एका लहान फोटोला साधारण पाच मायक्रोसिव्हर्ट. मायक्रोसिव्हर्ट हे अंगावर पडणारे किरण मोजायचं माप. जमिनीतून, आकाशातून एका दिवसात आपल्याला जेवढे किरण मिळतात, जवळपास तेवढेच. संपूर्ण जबड्याचा ओपीजी असेल तर काही पट जास्त, तरी थोडेच. त्रिमितीय स्कॅन सांगितला तर मात्र विचारा, कशासाठी? विचारायला संकोच नको. कुठल्याही फोटोला विचारा, कशासाठी?

कारण बहुतेकदा खरंच असतं. दात वरून पांढराशुभ्र, पण दोन दाढांच्या फटीत कीड. मुळाशी पू. आडवी अक्कलदाढ, आणि तिच्या खालून जाणारी जबड्याची नस. आरशात यातलं काही दिसत नाही. रूट कॅनालला तर मुळाची लांबी कळल्याशिवाय पुढे कसं जाणार?

दिवस गेले असतील तर आधी सांगा. दुखणं तातडीचं असेल तर तेव्हाही फोटो काढता येतो, पण सांगा. शिशाच्या एप्रनबद्दल बरेच जण विचारतात. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०२४ मध्ये सांगितलं, की आताच्या यंत्रांना त्याची गरज उरलेली नाही. आपल्याकडे घातला तर घालू द्या, बिघडत काही नाही.

आणि मागच्या दवाखान्यातला फोटो जाताना बरोबर घ्या. मोबाइलवर असेल तरी चालेल. तो नुकताच काढलेला असेल, तर नवा काढावाही लागणार नाही.

नमस्कार.